मलम

जुलैमधली सकाळ होती आणि रात्रीपासून पाऊस लागून राहिला होता. बाबांचा डावा पाय मी मांडीवर घेतला होता, खाली जुन्या वर्तमानपत्राची घडी, बाजूला सलाईनची अर्धी बाटली. रात्रीचं गॉज जखमेला चिकटून बसलेलं असायचं. ते ओढायचं नाही, सलाईन सोडत राहायचं आणि वाट बघायची, मग ते आपणहून सुटतं, असं ड्रेसिंगला येणाऱ्या ब्रदरने शिकवलं होतं. ती वाट बघत असतानाच फोन वाजला. मावसबहिणीने चित्र पाठवलं होतं. डोंगरामागून उगवणारा सूर्य, त्याच्यासमोर बासरी वाजवणाऱ्या कुणाची तरी काळी आकृती, आणि खाली अक्षरं : ‘जखम म्हणजे ती जागा, जिथून प्रकाश तुमच्यात शिरतो. – रूमी.’ माझ्या उजव्या हाताच्या ग्लोव्हला पिवळट काहीतरी लागलेलं होतं. डाव्या हाताने मी फोन पालथा घातला. इतका राग मला कितीतरी दिवसांत आला नव्हता.

“कुणाचं काय आलंय?” बाबांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं. ड्रेसिंग चालू असताना ते कायम भिंतीकडे बघायचे. मी वाचून दाखवलं, जमेल तितक्या कोरड्या आवाजात. जरा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चांगलं लिहिलंय. पेन दे मला.” पाय बांधून झाल्यावर औषधांच्या बिलाच्या पाठीमागे त्यांनी ते वाक्य आपल्या गोल, सुट्या अक्षरात उतरवून घेतलं. ३४ वर्षं भूमी अभिलेखच्या कचेरीत नकला करून घोटलेलं अक्षर. बिलाची चार समान घड्या घालून त्यांनी ते चष्म्याच्या घरात ठेवलं.

एका खोलीतली आम्ही दोन माणसं आणि एकच वाक्य. मला ते ओरखडल्यासारखं लागलं आणि त्यांनी ते जपून ठेवलं. हे काही केल्या डोक्यातून जाईना.

जखम तळपायाला होती. चपलेतून खिळा वर आला होता आणि तो पायात घेऊन बाबा दोन दिवस हिंडले होते, बँकेत, भाजीला, देवळात. कळलंच नाही. साखरेने पायाच्या नसा केव्हाच बधिर करून टाकल्या होत्या. तिसऱ्या दिवशी फरशीवर ओलसर डाग दिसले म्हणून आईने पाय उचलून बघितला. मग ताप, ॲडमिट, अंगठा काढला, आणि उरलेली जखम उघडी ठेवून आतून भरत आणायची असं ठरलं. घरी आलो तेव्हा ती माझ्या तळहाताच्या खळग्याएवढी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लाल दिसेल ते आपलं, पिवळं दिसेल ते काढायचं. तेव्हापासून रोज सकाळी माझा लाल-पिवळ्याचा हिशेब चालायचा. आज कडेने दोन दाणे लाल वाढले, आज मध्ये पुन्हा पिवळं धरलं. वास यायचा. अगरबत्ती लावली की अगरबत्तीचा आणि तो, असे दोन वास यायचे. आणि माश्या. खिडक्यांना जाळ्या लावल्या, फरशी रोज फिनाईलने पुसली, तरी पट्टी सोडली की कुठून तरी एक यायचीच. ती नेमकी तिथे बसायची आणि बाबांना तिचं बसणंही कळायचं नाही. ते भिंतीकडे बघत शांतपणे विचारायचे, “झालं का?”

वरच्या मजल्यावर तेव्हा एक इराणी मुलगी भाड्याने राहायची. फार्मसीत पीएच.डी. करत होती. पुण्यात त्या काळी इराणी विद्यार्थी पुष्कळ दिसत, आमच्या सोसायटीला त्यांचं काही नवल नव्हतं. ती बाबांची विचारपूस करायला यायची, आणि ज्या दिवशी ब्रदर यायचा नसे त्या दिवशी माझ्याजवळ टॉर्च धरून उभी राहायची. पावसाळी अंधारात तळपायाचा खड्डा नीट दिसायचा नाही. तिचा हात कधी हलला नाही. एकदा सगळं उरकल्यावर चहा पिता पिता मी तिला ते चित्र दाखवलं आणि हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत अर्थ सांगितला. खरं तर तक्रारच करत होते मी. तुमचा कवी असं कसं म्हणतो, त्याने कधी जखम बघितली होती का?

तिने ओठ मुडपले. “मौलाना?” तिच्या तोंडी रूमी हे नाव कधी आलं नाही. इराणात ते मौलाना किंवा मौलवी. रूमी म्हणजे रूमचा, आताच्या तुर्कस्तानच्या मुलखातला. माणूस जन्मला आताच्या अफगाणिस्तानातल्या बल्खकडे, १२०७ साली. मंगोलांची धाड येण्याआधी बापाबरोबर घर सोडलं, गावोगाव फिरत कोन्याला पोचला आणि १२७३ मध्ये तिथेच गेला. जिथे येऊन राहिला तिथलं नाव जगाने त्याला दिलं, आणि ज्यांच्या भाषेत तो बोलला ते लोक त्याला अजून नुसतं ‘आमचे मौलाना’ म्हणतात. ती म्हणाली, “प्रकाश आहे त्यांच्यात, पण असा नाही. थांब, शोधते.” शोधायला तिला चार दिवस लागले. तिने घरी आईला फोन केला, आईने तिच्या कुठल्या मामांना विचारलं, आणि पाचव्या दिवशी सकाळी ती टॉर्चबरोबर उत्तर घेऊन आली. “पहिल्या दफ्तरात आहे.”

बाबांनी भिंतीकडची मान वळवली. “कुठल्या दफ्तरात?”

मसनवी म्हणजे मौलानांचं मोठं काव्य, आणि तिच्या सहा भागांना दफ्तरच म्हणतात. सहा दफ्तरं, २५ हजारांच्या वर बैतं, म्हणजे दोन-दोन चरणांच्या द्विपदी. मौलाना बोलत आणि हुसामुद्दीन नावाचा त्यांचा शिष्य लिहून घेई, कधी कधी रात्र रात्र. पहिल्या दफ्तरात एके ठिकाणी चालू ओळीतच ते म्हणतात की उजाडलं, हुसामुद्दीनची माझ्या वतीने माफी माग. हे तिने सांगितलं तेव्हा बाबा अंथरुणात जरा सरसावून बसले. सांगणारा एक आणि नक्कल उतरवणारा दुसरा, ही गोष्ट त्यांच्या धंद्यातली होती.

मग तिने फोन समोर धरून वाचायला सुरुवात केली. तिचं वाचणं म्हणजे अर्धं गाणंच. डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरायची, आणि मला ऐकता ऐकता कळलं की हा ताल आपला ओळखीचा आहे, गालगागा गालगागा गालगा. ‘बर सर-ए-हर रीश जम्अ आमद मगस, ता नबीनद कुब्ह-ए-रीश-ए-खीश कस.’ रीश म्हणजे जखम. मगस म्हणजे माशी. मगस, मक्षिका, माशी, एकाच घरातल्या. मी गॉज हातात धरून तशीच थांबले. पुढच्या ओळीत ‘मरहम’ आला आणि बाबा पटकन म्हणाले, “मलम!” ती हसली, म्हणाली, हो, तेच. शब्दाशब्दाला थांबत, एकमेकींच्या भाषेत चाचपडत आम्ही त्या ओळींचा जो अर्थ लावला तो मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवला :

‘सुरी आपली मूठ आपण कधी तासते का? जा, ही जखम शस्त्रक्रिया करणाऱ्या जर्राहाच्या हवाली कर. प्रत्येक जखमेवर माश्या गोळा होतात, म्हणून कुणालाच आपल्या जखमेची घाण दिसत नाही. त्या माश्या म्हणजे तुझे विचार आणि तुझी मालमत्ता, आणि जखम म्हणजे तुझ्या आतला काळोख. पीर त्या जखमेवर मलम ठेवतो तेव्हा ठणका थांबतो, विव्हळणं थांबतं, तुला वाटतं बरं झालं. खरं तर मलमाचा किरण तिथे पडलेला असतो. म्हणून, अरे पाठ सोललेल्या, मलमापासून मान काढून घेऊ नकोस. आणि जे बरं वाटतंय ते त्या किरणाचं आहे असं समज, आपल्या मुळातलं समजू नकोस.’

माश्या होत्या.

साडेसातशे वर्षांपूर्वीच्या त्या ओळींमध्ये माश्या होत्या, घाण होती, जर्राह होता, मान फिरवणारा रोगी होता. माझ्या मांडीवर जे चाललं होतं ते सगळं तिथे होतं. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. या माणसाने जखम बघितली होती, आणि जवळून, नाक न दाबता. मला रडू आलं, आणि हातात ग्लोव्ह होते म्हणून डोळे पुसता येईनात. टॉर्च दुसऱ्या हातात घेऊन तिने आपल्या ओढणीने माझे डोळे पुसले. त्या रात्री मी ती वही उशाशी घेऊन झोपले.

ते चिमुकलं वाक्य आपल्यापर्यंत कसं आलं, हे मी नंतर शोधलं. केंब्रिजचे निकल्सन यांनी १९२५ ते १९४० या काळात मसनवीची मूळ संहिता, इंग्रजी भाषांतर आणि टीपा असं सगळं मिळून आठ खंडांत छापलं. प्रचंड काम, आणि आजही लोक तिथूनच सुरुवात करतात. पण जे प्रसंग त्यांना फार उघडेवाघडे वाटले त्यांचं त्यांनी इंग्रजी केलं नाही, लॅटिन केलं, म्हणजे सगळ्यांना वाचता येऊ नये. पुढे अमेरिकेत कोलमन बार्क्स यांनी अशी जुनी भाषांतरं समोर ठेवून मोकळ्या इंग्रजीत कविता केल्या. त्यांना फारसी येत नव्हती आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. त्यांची ती कविता मी मिळवून वाचली आणि मला माझा राग मागे घ्यावा लागला, कारण तिच्यात माश्या आहेत, पट्टी आहे, मान फिरवू नकोस आहे, आणि आपणच आपल्याला बरं करतोय असं क्षणभरही मानू नकोस, हेसुद्धा आहे. हे सगळं गळालं ते त्यानंतर. कप, कॅलेंडर, भिंतीवरची पाटी, मग फोन. हातोहाती जाताना प्रत्येकाने थोडं थोडं पुसलं आणि शेवटी उरली एक स्वच्छ जखम आणि तिच्यात कुठूनही, कुणीही न लावता आलेला प्रकाश. मावसबहिणीचा काय दोष? तिच्यापर्यंत पोचलं ते तिने प्रेमाने पुढे दिलं. बाबांना त्यातून धीर आला हेही खरं. त्यांच्या रिकाम्या दिवसात ते चष्मा काढता-घालताना तो कागद उलगडायचे, मी दारातून बघितलंय. ज्या वाक्याने आजारी माणसाला दिवस ढकलायला मदत होते ते खोटं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरी मूळ ओळी कानावर पडल्या नसत्या तर मी फार मोठ्या गोष्टीला मुकले असते, हेही तितकंच खरं.

कारण त्या ओळींच्या आधी काय आहे ते तिने दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. मौलाना ज्या जखमेबद्दल बोलत आहेत ती दुःखाची नाहीच. तिचं नाव त्यांनी स्पष्ट घेतलंय : पिंदार-ए-कमाल. आपण पूर्ण आहोत, आपल्यात काही कमी नाही, असा समज. याहून वाईट रोग तुझ्या जिवात दुसरा नाही, असं ते म्हणतात. ओढ्याचं पाणी वरून नितळ दिसतं, पण तळाशी शेण बसलेलं असतं. काठीने ढवळलं की सगळं पाणी शेणाच्या रंगाचं. हे ऐकताना मी खाली मान घालून पट्टी गुंडाळत होते. त्याच आठवड्यात मी ब्रदरवर ओरडले होते. तो अर्धा तास उशिरा आला, तीन बस बदलून, भिजून आला, आणि मी त्याला म्हणाले की तू नाही आलास तरी चालेल, मी करते सगळं, मला येतं आता. त्याने काही उत्तर दिलं नाही. केस पुसले, हात धुतले आणि पायापाशी बसला. मी सगळं करते, हे मला त्या महिन्यांत मनोमन इतकं पटलं होतं, की आई रात्री तीनला उठून बाबांची साखर तपासते हे मला दिसत नव्हतं, वरची मुलगी आपला अभ्यास सोडून टॉर्च धरते हे दिसत नव्हतं. माझ्या माश्या वेगळ्या होत्या. त्या बसलेल्या मला कळतही नव्हत्या.

फारसीचं आणि आपलं नातं किती आतलं आहे हे मला तेव्हा रोजच्या रोज कळत गेलं. शाळेत आपण यादी पाठ करतो, बाजार, दरवाजा, शाई, जमीन, आणि विसरतो. पण बाबांच्या नोकरीची सगळी बोली तिथलीच होती आणि ते ती भाषा न शिकताही तिच्यात आयुष्यभर वावरले होते. मी ग्रंथालयातून माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश आणला. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या या कवीने तो १९२५ साली पुरा केला, निकल्सनांचा पहिला खंड आला त्याच वर्षी. कोशाची पानं पापडासारखी झालेली, बाबा ती दोन बोटांनी उचलून उलटायचे. मुलगी बैत वाचायची, बाबा ओळखीचा शब्द हुडकायचे, सापडला की बोट वर करायचे. दुसऱ्या दफ्तराची पहिलीच ओळ तिने म्हटली, ‘मुद्दती ईं मसनवी ताखीर शुद, मोहलती बायिस्त ता खून शीर शुद’, आणि बाबांची दोन बोटं एकदम वर. मुदत आणि मोहलत! “हे तर आमच्या नोटिशीतलं आहे.” अर्थ असा, की या मसनवीला काही मुदत उशीर झाला, रक्ताचं दूध व्हायला मोहलत लागते. पहिलं दफ्तर संपलं आणि हुसामुद्दीनची बायको वारली, म्हणून लिहिणं थांबलं, असं सांगतात. जवळजवळ दोन वर्षं. मौलानांनी दुसरा लेखनिक शोधला नाही, थांबले. १२६४ मध्ये पुन्हा सुरू झालं तेव्हा पहिल्याच बैतात एवढंच म्हटलं आणि कामाला लागले.

त्या संध्याकाळी बाबांना एकनाथांचा अर्जदस्त आठवला. नाथांनी दरबारी फारसीच्या थाटात देवाला लिहिलेला अर्ज, बंदगी, बंदेनवाज, जिवाजी, बुधाजी कारकून आणि परगणे शरीराबाद. बाबांनी तो कधीतरी ऑफिसच्या सत्यनारायणाला म्हणून दाखवला होता. तिला त्यातले शब्द कळत होते आणि मराठी कळत नव्हती, आणि आम्हांला बरोबर उलट. परगणे शरीराबाद म्हणताना बाबांनी बांधलेल्या पायाकडे बोट केलं. ते पायाकडे बघत नसत, तेव्हा मात्र बघितलं.

‘पाठ सोललेल्या’ या शब्दावर आम्ही अडलो होतो. मुळात तो ‘पुश्त-रीश’ असा आहे. तिने समजावलं की ओझ्याच्या जनावराची पाठ खोगिराने, दोरांनी घासून सोलते, जखम होते, त्याला मलम लावायला गेलं की ते अंग काढून घेतं. मी शब्द शोधत होते. बाबांना शोधावा लागला नाही. “खांदा आलेला बैल,” ते म्हणाले. आणि मग भिंतीकडे न बघता, सरळ माझ्याकडे बघत त्यांनी खांदेमळणीचं सांगितलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आजोबा जुवाने घट्टे पडलेले बैलाचे खांदे लोणी-हळदीने मळायचे. वर्षभर जू वाहिलेलं जनावर आधी हात लावू द्यायचं नाही, कातडी थरथरवायचं, मान झटकायचं. आजोबा घाई करायचे नाहीत. एक हात वशिंडावर ठेवून उभे राहायचे. मग कधीतरी ते जनावर श्वास सोडायचं आणि मान खाली घालायचं. “ते मान खाली घालणं,” बाबा म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

आज जगभर मौलाना वाचले जातात ते बहुतेक एकट्याने, छोट्या पडद्यावर, रात्री झोप येत नसताना. मीही तसे वाचलेत आणि त्यात काही कमी आहे असं मला वाटत नाही. पण त्या पावसाळ्यात कळलं की या ओळींना दुसरं माणूस लागतं. एक म्हणणारं, एक अडवून अर्थ विचारणारं. त्यांच्यात बघावं तिकडे हात आहेत. दुसऱ्या दफ्तरातला धनगर देवाला म्हणतो, तू कुठे आहेस सांग, मी तुझ्या वहाणा शिवीन, केस विंचरीन, कपडे धुईन, उवा मारीन, दूध आणून देईन. मूसा पैगंबर त्याला झापतो, देवाला अंग असतं का म्हणून. तो बिचारा कपडे फाडून रानात निघून जातो, आणि देव मूसालाच बोल लावतो : तू जोडायला आलास, तोडायला नव्हे. मी तिला म्हटलं, आमच्याकडे हे उलटं आहे. आमच्याकडे देवच येतो आणि जनीच्या डोक्यातल्या उवा मारतो. ती टॉर्च खाली ठेवून इतकी हसली, आणि मग म्हणाली, आजीला सांगायला पाहिजे. तिची आजी लिहिता-वाचता न येणारी, पण धनगराची गोष्ट ती आजीच्या मांडीवरच शिकली होती. त्याच रात्री तिने फोन लावला. जनाबाईचं नाव त्या म्हातारीने तीनदा म्हणून बघितलं म्हणे.

एक बैत मात्र मी एकटीने शोधून काढलं आणि ते माझ्यापाशी राहिलं. ‘हर कि ऊ बीदारतर पुर-दर्दतर, हर कि ऊ आगाहतर रुख जर्दतर.’ जो जितका जागा, त्याला तितकं दुखतं. ज्याला जितकं कळतं, त्याचा चेहरा तितका पिवळा. जर्द पिवळा म्हणतो ना आपण, तोच जर्द. आणि दर्द. मराठीने या शब्दाचं जे केलं ते मला फार मोठं वाटतं. हिंदीत दर्द म्हणजे नुसती वेदना, पण आपल्याकडे दर्दी म्हणजे रसिक. मैफलीत पुढच्या रांगेत बसून बरोबर जागेवर मान हलवणारा तो दर्दी. ज्याला दुखू शकतं त्यालाच गाणं कळतं, हे आपल्या भाषेने गुपचूप एका शब्दात ठेवून दिलंय. बाबांच्या पायाचा रोग न दुखण्याचा होता. खिळा शिरला तरी दुखलं नाही म्हणून अंगठा गेला. ऑक्टोबरमध्ये एके सकाळी सलाईन सोडताना ते अचानक “हाय” म्हणाले आणि पाय मागे घेतला. ब्रदरने माझ्याकडे बघितलं. “काका, दुखलं?” बाबा म्हणाले, “कडेला. जरासं. चुणचुणल्यासारखं.” ब्रदरचा चेहरा असा उजळला, की जणू परीक्षेचा निकाल लागला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी बाबांनी दाढीचा आरसा मागितला. मला वाटलं दाढी करायची असेल. “नाही,” ते म्हणाले, “खाली धर. तळपायाखाली. दिसू दे मला.” तीन महिने घर ज्याच्याभोवती फिरत होतं ते त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. मी आरसा तिरपा धरला, मुलीने टॉर्च मारली. आधी त्यांना नुसता उजेडाचा ठिपका दिसत होता, मग मी हात थोडा फिरवला. ते बराच वेळ बघत राहिले. जमिनीचा नकाशा बघावा तसे, कडेने, बांधाबांधाने. “लाल आहे की बरंच,” ते म्हणाले. आणि मग, “मध्ये अजून पिवळं आहे.” आरसा बाजूला करायला त्यांनी सांगितलं नाही. पट्टी पुरी बांधून होईपर्यंत मान तिकडेच होती.

जखम दिवाळीनंतर भरली. पुढच्या वर्षी मुलीची पीएच.डी. झाली आणि ती गेली. जाताना ते पहिलं दफ्तर, तेहरानमध्ये छापलेलं, तिने बाबांना दिलं. त्यांना त्यातलं अक्षर येत नव्हतं. ते उजवीकडून उघडायचं एवढं मात्र ते आल्यागेल्याला आवर्जून दाखवायचे.

तीन वर्षांनी बाबा गेले, झोपेत, हृदयाने. पंधरा दिवसांनी मी त्यांचं कपाट आवरायला घेतलं आणि चष्म्याच्या घरात तो कागद सापडला, घड्यांवर फाटत आलेला. वर ते वाक्य, तारखेसह. त्याखाली एक आडवी रेघ मारलेली, आणि रेघेखाली, केव्हातरी नंतर, वेगळ्या पेनाने : ‘शेरा – मलम लावणाऱ्याचा उल्लेख राहून गेला आहे. नक्कल अपुरी.’ त्याखाली ब्रदरचा मोबाइल नंबर. शेवटचे दोन आकडे घडीत गेले होते.